शंभर दिवसांचा हिवाळा

रुझारचा कोट आला कॅनडातून, रुझार नाही आला.
जाड लोकर, आत अस्तर, बाहेर चार खिसे.
बेतुलमध्ये असा कोट अंगावर घालायचा
तर माणसानं आमच्या बर्फाच्या कारखान्यातच बिऱ्हाड करावं.

डाव्या खिशातून सात बिया निघाल्या.
लिंबाएवढ्या, लांबट, टोकाला अणकुचीदार,
अंगभर खोल चिरा, म्हाताऱ्या कासवाच्या मानेसारख्या.
किटेरबायनं त्या ओट्यावर मांडल्या, माझ्यासमोर.
"बटरनट. अक्रोडाच्या गोतातलं.
त्याच्या घरामागं झाड होतं.
फोनवर सांगायचा, गर असा की पावाला लोणी नको.
पण वरची साल सोलली की हात आठवडाभर तपकिरी,
चर्चमध्ये जाताना खिशात लपवून न्यायचा."

एक फोडली.
काजूच्या दगडाला ती हसली असावी.
वरवंट्याच्या चौथ्या घावाला दुभंगली,
तीही किटेरबायच्या अंगठ्याची किंमत घेऊन.
आत गर नखाएवढा, तोही भिंतींना चिकटलेला,
सुईनं कोरून अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी.
आधी काहीच नाही.
मग जिभेच्या मागच्या बाजूला, उशिरानं,
कढवलेलं तूप.
ती काही बोलली नाही. अंगठा चोखत राहिली.

सहा उरल्या.
"पेर," मी म्हटलं, "विहिरीजवळ जागा आहे."
"नुसतं पेरून उगवत नाही रे गुणो.
तिला आधी हिवाळा लागतो. शंभर दिवस."
आमच्याकडे हिवाळा म्हणजे
डिसेंबरात पहाटे पायावर ओढलेली चादर.
ती माझ्याकडे बघत राहिली.
गावात हिवाळा एकाच माणसाच्या ताब्यात होता,
कुटबणच्या जेटीवर, लादीच्या भावानं.

सोडणाचा ओला भुसा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
गोठवायच्या नव्हत्या, नुसतं कुडकुडवायचं होतं,
म्हणून लाद्यांपासून दूर, दाराशेजारच्या फळीवर.
ट्रॉलरवाले विचारायचे, डब्यात काय?
बाळंतीण, मी सांगायचो, आवाज करू नका.
मार्च गेला, बांगडा स्वस्त झाला, महाग झाला.
एप्रिलात दोन रात्री वीज नव्हती,
मी डब्याभोवती बर्फाचा चुरा रचून
तिथंच खोक्यावर बसून राहिलो,
मालकाला कळलं असतं तर पगार कापला असता.

मे संपला. मासेमारी बंद,
कारखान्याची घरघर थांबली,
कानात नुसती पोकळी.
मोजले तर अठ्ठ्याण्णव दिवस.
"दोन कमी पडले," मी म्हटलं.
"त्याला सांगू नकोस," किटेरबाय म्हणाली.

तीन कुजल्या होत्या. दोन गप्प.
एकीच्या चिरेतून पांढरं काहीतरी डोकावत होतं,
आणि तिला सुकटीचा वास येत होता.

रंगाच्या रिकाम्या बादलीत ती वाढली.
ऑगस्टात वीतभर, नवरात्रात हातभर.
पानं लवदार, चिकट, मुंग्यांचे पाय अडकत.
शेजारचा बिंबल तिच्याकडे संशयानं बघतो,
असं किटेरबायचं मत.
रुझार सांगायचा, ऑक्टोबरात सगळं पिवळं पडतं,
मग झाड उघडं उभं राहतं, निवांत झोपतं.
हिचं पान हललं नाही.
नाताळ झाला, तरी टक्क जागी.
"असं किती दिवस जागणार पोर?"

काल संध्याकाळी ती जेटीवर आली.
हातगाडीवर बादली, रोपाला बांधलेली काठी,
आणि अंगात रुझारचा कोट,
गळ्यापर्यंत बटणं लावलेला, घामानं डबडबलेली.
खलाशी हसले. मी दार उघडलं.
"रात्रभर नको," म्हणाली, "थोडा वेळ.
तिला नुसतं कळू दे, काय असतं ते."
बादली उचलून ती आत गेली.
"दार पुरतं ओढू नकोस."

फटीतून पांढरी वाफ बाहेर येत होती.
मी लाद्या मोजायला लागलो.
चौदापर्यंत आलो, मग आत कुणीतरी
हळू आवाजात कोंकणीत बोलायला लागलं.
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.